नाकाच्या शेंड्याएवढी ओळख

गेली सहा वर्षे मी एका कासवाला ओळखतो, असे मी लोकांना सांगतो खरे. पण या सहा वर्षांत त्याचे सबंध शरीर मी जेमतेम चार वेळा पाहिले आहे. बाकीची सगळी ओळख नाकाच्या शेंड्यापुरती आहे. एका पाझर तलावाच्या सांडव्याजवळ, जिथे पाणकणसाची दाटी संपते आणि थोडे मोकळे पाणी लागते, तिथे सकाळी आठच्या सुमारास एक काळपट टोक पाण्याबाहेर येते, दोन-तीन श्वास घेते आणि पुन्हा बुडते. पहिल्या वर्षी कित्येक दिवस मी त्याला बाभळीची कुजकी काडी समजत होतो. एकदा वारा पूर्ण पडलेला असताना ती काडी सरळ खाली गेली, आणि मग दुर्बीण लावून बसल्यावर दिसले की तिच्या टोकाला शेजारी शेजारी दोन भोके आहेत. पेनाच्या टोपणाहून बारीक अशी ती नळी होती, आणि तिच्या मागे, पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली, दोन डोळे माझ्याकडे लागलेले होते.

‘कासव’ म्हटले की डोळ्यांसमोर घुमटासारखे कवच आणि त्यावरच्या चौकटी येतात. या कासवाला त्यातले काहीच नाही. त्याची पाठ पसरट, गुळगुळीत आणि शेवाळी तपकिरी असते, हाडांवर सबंध कातडे ताणून बसवल्यासारखी. म्हणूनच या कुळाला मऊ पाठीची कासवे म्हणतात. कातड्याखाली हाडांच्या पट्ट्या असतातच, त्यामुळे ‘मऊ’ हा शब्द थोडा फसवा आहे. नसतात त्या नखाच्या जातीच्या, कठीण पदार्थाच्या चौकटी. लिसेमिस पंक्टाटा हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका व म्यानमार हा त्याचा मुलूख. पंक्टाटा म्हणजे ठिपकेदार. उत्तरेकडच्या नद्यांच्या खोऱ्यांतल्या कासवांच्या पाठीवर आणि डोक्यावर पिवळे ठिपके ठळक असतात. दक्षिणेकडे मात्र पाठ बहुधा साधीच असते, आणि आमच्या तलावातल्या या रहिवाशाला पाहून त्याचे हे नाव कोणालाही सुचले नसते.

आकाराने ते लहानच. प्रौढ कासवाची पाठ साधारणपणे पंधरा ते पंचवीस सेंटीमीटर भरते, क्वचित एखादे त्याहून बरेच मोठे होते. याच कुळातले, मोठ्या नद्यांच्या वाळूत स्वतःला पुरून घेणारे चित्रा इंडिका मीटरभराहून लांब वाढते, हे लक्षात घेतले की आपले कासव घरातले धाकटे शेंडेफळ वाटू लागते. पण धाकटेपणाचे त्याला फायदे झालेले दिसतात. मोठ्या भावंडांना मोठी नदी लागते. याला भाताचे खाचर चालते, कालवा चालतो, पडकी विहीर चालते, रस्त्याकडेचा खड्डाही पावसाळ्यापुरता चालतो. गढूळ, साचलेल्या पाण्यात आणि ढोपरभर गाळात हे कासव मजेत राहते, आणि म्हणूनच ज्या देशात गोड्या पाण्यातली व जमिनीवरची मिळून सुमारे २९ जातींची कासवे आहेत, त्या देशातल्या पुष्कळ माणसांनी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेले पहिले कासव बहुधा हेच असते.

मी तलावावर जाऊन बसतो म्हणजे नेमके काय करतो, असे घरचे विचारतात. मी वेळ मोजतो. टोक वर आले की घड्याळ पाहायचे, बुडाले की पाहायचे, पुन्हा वर आले की वहीत आकडा लिहायचा. कासवाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण बांधावरच्या पावलांचा हादरा त्याला लगेच कळतो. त्यामुळे ते वर यायच्या आधी आपण बसलेले असावे लागते आणि ते वर असेपर्यंत मांडी बदलायची नाही, एवढीच काय ती शिस्त. माझ्या वहीत ऑक्टोबरातले आकडे सात-आठ मिनिटांच्या आसपास फिरतात, तर जानेवारीतल्या थंड सकाळी अर्धा-अर्धा तास पाण्यावर काहीही येत नाही. या नोंदींना शास्त्र म्हणता येणार नाही. मधल्या वेळात ते पाणकणसाच्या आत कुठेतरी श्वास घेऊन गेले असेल तर मला कळायला मार्ग नाही. पण कल खोटा नसावा, कारण त्याचे कारण सरळ आहे: कासवाचे शरीर पाण्याइतकेच तापते आणि पाण्याइतकेच थंड होते, आणि थंड शरीराचा खर्च कमी असल्यामुळे त्याला एक श्वास जास्त वेळ पुरतो.

श्वास घेणे ही कासवासाठी साधी गोष्ट नाही, हे मला फार उशिरा कळले. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर उचलल्या जातात आणि छाती फुगते. कासवाच्या बरगड्या पाठीच्या हाडांशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे त्याची छाती फुगूच शकत नाही. गर्भावस्थेत त्याच्या बरगड्या इतर प्राण्यांप्रमाणे पोटाकडे वळून पिंजरा करत नाहीत. त्या बाजूला पसरत जाऊन पाठ तयार करतात, आणि या उलथापालथीत खांद्याचे हाड चक्क बरगड्यांच्या आत येऊन बसते. कण्याच्या इतर कोणत्याही प्राण्यात ही मांडणी सापडत नाही. ही रचना कशी घडत गेली याचा एक धागा चीनमध्ये मिळाला. २००८ साली वर्णन झालेल्या ओडोन्टोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला पोटाखालची पाटी पूर्ण होती, पाठ मात्र अर्धवट, आणि तोंडात दात होते. पुढे दात नाहीसे झाले, पाठ पूर्ण झाली, आणि छाती कायमची बंद झाली. मग आत हवा घ्यायची कशी? आजच्या कासवाच्या पोटात आतड्यांभोवती स्नायूंच्या पट्ट्या असतात. त्यांतल्या काही आवळल्या की आतील अवयव फुप्फुसांवर दाबले जाऊन हवा बाहेर पडते, आणि दुसऱ्या आवळल्या की हवा आत येते. पुढचे पाय आतबाहेर केल्यानेही त्याला मदत होते. दुर्बिणीतून पाहताना टोक वर असताना पाण्याखालच्या खांद्यांशी एक मंद हालचाल दिसते, तिला मी आधी पोहण्याची तयारी समजत होतो. ती श्वासाचीच भाते असण्याची शक्यता अधिक.

आणि तरीही हे कासव इतका वेळ खाली राहते, कारण फुप्फुस हा त्याचा एकमेव आधार नाही. मऊ पाठीची कासवे पाण्यात विरघळलेला प्राणवायू काही प्रमाणात कातडीतून आणि घशाच्या आतील अस्तरातून शोषून घेऊ शकतात. एखाद्याला उथळ, स्वच्छ पाण्यात निवांत पडलेले पाहायला मिळाले तर त्याचा गळा संथपणे खालीवर होताना दिसतो. ते पाणी आत घेऊन बाहेर सोडत असते. या घशाचा आणखी एक विलक्षण उपयोग चीनमधल्या मऊ पाठीच्या कासवात २०१२ साली लक्षात आला. त्याच्या शरीरातले बरेचसे युरिया, म्हणजे आपण लघवीवाटे टाकतो तो पदार्थ, ते कासव तोंडावाटे बाहेर टाकते, आणि त्यासाठी जमिनीवर असतानासुद्धा डोके डबक्यात बुडवून चुळा भरल्यासारखे करते. ही गोष्ट मी एकदा जेवणाच्या पंगतीत सांगितली आणि तेव्हापासून मला कासवाबद्दल कोणी फारसे विचारत नाही.

त्या लांब नळीसारख्या नाकाकडे आता पुन्हा येतो, कारण या कासवाच्या सगळ्या राहणीची किल्ली त्यात आहे असे मला वाटते. उथळ पाण्यात तळाच्या गाळात अंग पुरून बसायचे, मान लांब करायची, आणि फक्त नळीचे टोक पृष्ठभागावर टेकवायचे. मान खरोखरच लांब असते. आत ओढलेली असताना तिचा अंदाज येत नाही, आणि हाताळणाऱ्याचा अंदाज चुकला की बोट तोंडात सापडते. गाळात बसून श्वास घेता येत असेल तर पाण्यात वर-खाली करण्याचा खर्च वाचतो, आणि ढोकरीला, मुंगसाला किंवा माणसाला आपण तिथे असल्याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे कासवाला आळशी म्हणायची पद्धत आहे, आणि रेंगाळणाऱ्या सरकारी कामाला वर्तमानपत्रे कासवाच्या गतीची उपमा देतात. मला ती उपमा आता खटकते. या प्राण्याला मी जोरात जाताना पाहिले आहे.

तो प्रसंग सप्टेंबरातला. सांडव्याखाली गुडघाभर पाण्याचे एक डबके राहिले होते, पाणी निवळलेले होते आणि त्यात बेडकांची काळी पिल्ले शेकड्यांनी वळवळत होती. मी काठावर उकिडवा बसलो होतो. तळाशी जो मातकट उंचवटा होता त्याच्या एका कडेतून हळूच डोके बाहेर आले, इतके हळू की ते येताना मला दिसलेच नाही, फक्त आधी नव्हते आणि आता आहे एवढे कळले. एक पिल्लू त्याच्या तोंडासमोरून, चार बोटांवरून गेले. मान सुटली. गळ्याखालची कातडी एका क्षणात पिशवीसारखी खाली पडली, आणि पिल्लू पाण्यासकट आत ओढले गेले. चावणे असे काही झालेच नाही. नंतर नाकपुड्यांच्या बाजूने गाळाचा एक बारीक ढग बाहेर आला, जास्तीचे पाणी बाहेर टाकल्याचा. या कासवांना दात नसतात, चोचीसारख्या कठीण कडा असतात आणि त्यावर मांसल ओठ. मोठा घास पुढच्या पायांच्या नखांनी फाडावा लागतो, आणि त्या पायाला पाच बोटे असली तरी नखे तीनच असतात. त्या सकाळी मी सतरा पिल्ले मोजली. अठराव्याच्या वेळी माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि मी हललो. मातकट उंचवटा जागचा उठला आणि डबक्याच्या दुसऱ्या टोकाला इतक्या वेगाने गेला की मधले पाणी नुसते गढूळ झालेले दिसले.

पिल्ले, बेडूक, मासे, गोगलगायी, गांडुळे, पाणकिडे, मेलेले जनावर, आणि जोडीला पाणवनस्पतींची पाने, फुले, बी, पडलेली फळे, असा त्याचा आहार आहे. गोड्या पाण्यातले कासव तळे साफ ठेवते असे म्हणतात आणि ते मेलेले खाते म्हणून म्हणणे बरोबरही आहे, पण त्याला सफाई कामगाराची नोकरी लावून द्यायची आपल्याला फार घाई असते. एखादा प्राणी आपल्या उपयोगी पडतो हे सांगितल्याशिवाय त्याच्याविषयी बोलताच येत नाही, ही खोड माझीही होती.

आता उन्हाळ्याविषयी. मार्चअखेर तलावाचे पाणी सांडव्यापासून दूर सरकते, एप्रिलात मधल्या खोलगट भागात उरते, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तळाला षटकोनी भेगा पडतात. पाणी संपले की या कासवापुढे दोन वाटा असतात. रात्री चालत निघून दुसरे पाणी गाठायचे, नाहीतर ओलसर गाळात शिरून तिथेच पाऊस येईपर्यंत पडून राहायचे. हिवाळ्यातल्या झोपेसारखीच ही उन्हाळ्यातली झोप. हालचाल थांबते, शरीराचा खर्च अगदी कमी होतो, आणि भोवतीचा गाळ सुकून घट्ट झाला तरी आत जीव तग धरून राहतो. वॉल्टर ऑफनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने राजस्थानातल्या एका आटत चाललेल्या तळ्यातल्या नेमक्या याच कासवांच्या वागणुकीवर १९८१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. आपल्या दारातल्या प्राण्याकडे बसून पाहण्याइतका वेळ कोणीतरी काढला होता, याचे मला तेव्हा बरे वाटले होते.

पण मे महिना हाच तलावातला गाळ काढण्याचाही महिना. पाणी आटलेले असते, शेते मोकळी असतात, आणि तलावाचा गाळ जमिनीला खतासारखा उपयोगी पडतो. त्यामुळे खोदाईचे यंत्र आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तळात उतरतात. काम चांगलेच आहे, तलावात पाणी जास्त साठते, कासवालाही ते पुढे हवेच असते. अडचण एवढीच की त्या वेळी कासव गाळाच्या आत असते. तिसऱ्या वर्षी मी बांधावर उभा होतो तेव्हा ट्रॉलीत पडलेल्या गाळातून एक ताटलीएवढे ढेकूळ घरंगळून खाली आले. मी ते पायाने बाजूला करणार, तेवढ्यात ट्रॅक्टरवरचा मुलगा ओरडला, “काका, ढेकूळ न्हाई त्ये, कासव हाय.”

ते पूर्णपणे मिटलेले होते, आणि मिटणे म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा जवळून दिसले. पोटाखालच्या पाटीचा पुढचा भाग बिजागरीवर असल्यासारखा वर उचलला जाऊन डोके आणि पुढचे पाय झाकले गेले होते. मागच्या बाजूला, जिथे पाय आत जातात, तिथे पोटाच्या कडेला कातड्याच्या दोन झडपा होत्या, आणि त्या वर मिटून पायांवर घट्ट बसल्या होत्या. याच झडपांवरून इंग्रजीत या कासवाला ‘फ्लॅपशेल’ हे नाव मिळाले आहे. मऊ पाठीच्या इतर बहुतेक कासवांना असे स्वतःला बंद करून घेता येत नाही. सगळी इंद्रिये आवरून घेणाऱ्या माणसाला कासवाची उपमा देताना आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांसमोर कोणते कासव होते हे सांगता येणार नाही, पण उपमेला हे सर्वांत चांगले शोभले असते. झडपांच्या फटीत वाळलेल्या चिखलाची रेघ होती, आणि तिथे कानाच्या पाळीएवढी जागा ओलसर होती.

मग मी चूक केली. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. मी ते सगळे पाणी त्याच्यावर ओतले, आणि पाच-सहा मिनिटांनी झडपा सैल झाल्यावर, मोठ्या उपकाराच्या भावनेने, त्याला दोन्ही हातांनी धरून पूर्वेकडच्या कडेला नेले, कारण तिकडे लांब एका शेततळ्यात पाणी चमकत होते. त्याने मान काढली, माझ्या अंगठ्याच्या दिशेने फिरवली आणि मी त्याला जवळजवळ टाकलेच. जमिनीवर ठेवल्यावर ते बराच वेळ तसेच राहिले. उन्हे उतरल्यावर त्याने पाय काढले, नाक जमिनीला लावले, आणि शेततळ्याकडे पाठ करून सरळ तलावाच्या तळाकडे चालू लागले. जिथे यंत्र अजून पोचले नव्हते त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बेशरमीच्या झुडपांखाली गाळ काळा आणि ओला होता. तिथवरचे अंतर सुमारे दीडशे पावले, त्याला चाळीस मिनिटे लागली. पुढच्या पायांनी गाळ दोन्ही बाजूंना लोटत, अंग डावीउजवीकडे हलवत, ते तिरके आत शिरले; शेवटी पाठीचा मागचा काठ दिसत होता, मग तोही मिटला. ट्रॅक्टरवरच्या त्या मुलाला मी तो कोपरा दाखवला. त्याने उरलेले काम संपेपर्यंत तिथे ट्रॉली नेली नाही, आणि त्याबद्दल त्याने मला दुसऱ्यांदा काही विचारले नाही.

पुढे वाचले तेव्हा कळले की माझे हे उचलणेसुद्धा कायद्याच्या चौकटीत बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे; म्हणजे त्याला पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे हा ज्या कलमांखाली गुन्हा ठरतो, त्याच कलमांनी वाघालाही संरक्षण मिळते. असे असूनही मांसासाठी आणि अंधश्रद्धेपोटी त्याची चोरटी विक्री होत राहते. सहज सापडते, सहज पोत्यात मावते, आणि पाण्याबाहेर बरेच दिवस जिवंत राहते. ज्या गुणांवर ते दुष्काळ काढते तेच गुण तस्कराच्या सोयीचे ठरतात. २०२० साली ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात याच जातीचे एक पूर्ण पिवळे कासव सापडले. रंगद्रव्याच्या अभावामुळे तसे होते. त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली, आणि काही दिवस लोकांना गोड्या पाण्यातले हे कासव माहीत झाले. साध्या तपकिरी रंगात ते पुन्हा कोणाच्या लक्षात राहिले नाही.

मराठीत कासवीविषयी एक फार सुंदर समजूत आहे. कासवी पिल्लांना अंगावर पाजत नाही, ती लांबून नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या प्रेमळ दृष्टीनेच ती वाढतात, असे आपल्या भक्तिपर कवितेने कितीतरी वेळा सांगितले आहे. माझ्या आजीच्या बोलण्यात ‘कासवीची दृष्टी’ रोज असायची. मी या कासवीला अंडी घालताना एकदाच पाहिले, आणि त्यात दृष्टी कुठेच नव्हती. पावसाळ्याचा शेवट होता. बांधाच्या उतारावर, पाण्यापासून वीस-पंचवीस फुटांवर, ती मागच्या पायांनी माती उकरत होती. एकदा डावा, एकदा उजवा, आणि डोके पूर्ण वेळ पाण्याच्या दिशेला. खड्डा तिला दिसत नव्हता, तो पायांनाच कळत होता. अंडी पांढरी, गोल आणि कठीण कवचाची होती, आकार मोठ्या गोटीहून थोडा जास्त. या जातीत एका वेळी दोनपासून चौदापर्यंत अंडी असतात, आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा ती घातली जातात. तिने खड्डा बुजवला, पोटाच्या पाटीने वरची माती दाबली, आणि उतारावरून जवळजवळ घसरतच पाण्यात गेली. मागे वळून तिने एकदाही पाहिले नाही. तो खड्डा कुठे आहे हे आता जगात फक्त मला ठाऊक होते, आणि बहुधा झुडपातल्या त्या मुंगसाला.

पुढची गोष्ट मात्र त्या समजुतीपेक्षा मला कमी अद्भुत वाटत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस घातलेली अंडी दोन महिन्यांत उबली असती, तर पिल्ले भर हिवाळ्यात बाहेर आली असती आणि पुढे आटत चाललेल्या तलावात त्यांचे हाल झाले असते. तसे होत नाही. अंड्यातला गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत येऊन थांबतो. थंडीचा काळ गेल्यावर, माती पुन्हा तापू लागल्यावर त्याची वाढ पुढे सुरू होते, आणि पिल्ले बाहेर येतात ती नव्या पावसाच्या सुमारास, म्हणजे अंडी घातल्यापासून आठ-नऊ महिन्यांनी. आई पाण्यात निघून गेलेली असते आणि त्यांची वेळ मातीची ऊब ठरवते. गोड्या पाण्यातल्या अनेक कठीण पाठीच्या कासवांत तर पिल्लू नर होणार की मादी हेही मातीच्या तापमानावर ठरते, थोडे थंड असेल तर नर, उष्ण असेल तर मादी. मऊ पाठीच्या कुळातल्या ज्या जातींचा अभ्यास झाला आहे त्यांत मात्र ते गुणसूत्रांवर ठरते.

त्या खड्ड्याजवळ मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोज जात होतो. दोन दिवस जोराचा पाऊस झाला, मला ताप आला, आणि मी पोचलो तेव्हा उतारावर बोट शिरेल एवढे एक भोक होते आणि भोवती कवचाचे दोन-तीन तुकडे. ती उबली की उकरली गेली हे तुकड्यांवरून मला ओळखता येईना. मग सांडव्याच्या कडेला, दगडाच्या आडोशाला, नाण्याहून थोडे मोठे काहीतरी हलले. साधारण चार सेंटीमीटरची पाठ, तीवर गाळ चिकटलेला, आणि त्या एवढ्याशा जिवाला तेच लांब नळीचे नाक. हाताच्या सावलीने ते थबकले, झडपा मिटायचा प्रयत्न केला, एक पाय बाहेरच राहिला. मग पाण्याचा एक लोंढा आला आणि त्याला घेऊन पाणकणसात गेला.

या वर्षी पाऊस लवकर आला. ऑगस्टपासून सांडव्याजवळ दोन टोके दिसू लागली आहेत, एक नेहमीच्या जागी आणि दुसरे त्याच्या डावीकडे हातभर अंतरावर. दुसरे बारीक आहे आणि वारंवार वर येते. ते त्या पिल्लांपैकी आहे का, हे कळण्याचा मार्ग नाही; या कासवांच्या पाठीवर चौकटीच नसल्यामुळे वर्षांची वळी मोजायचा प्रश्नही येत नाही. तसे पाहिले तर पहिले टोकही सहा वर्षांपूर्वीचेच आहे याला माझ्या वहीशिवाय पुरावा नाही. काल सकाळी मोठे टोक आठ वाजून चार मिनिटांनी बुडाले. लहान त्यानंतर तीनदा वर आले. मोठ्यासाठी मी नऊपर्यंत थांबलो, मग ऑफिसची वेळ झाली.